पेटीवरची मते

दिवाळी मागे पडली की अमरावतीबाहेरच्या रस्त्याला कापसाची वाहतूक लागते. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रक आणि ट्रॅक्टर आहेत. पण रस्त्याकडेच्या बाभळी जकात घ्यावी तसा प्रत्येक वाहनातून मूठभर कापूस तेव्हाही काढून घेत आणि आजही घेतात. मार्गशीर्षाच्या सुमारास त्या पांढऱ्या दिसू लागतात. सकाळच्या फेरफटक्यात मी तिथवर जातो, काट्यात अडकलेला एखादा पुंजका सोडवतो आणि बोटांनी पिंजत उभा राहतो. सरकीचा तेलकट वास बोटांना लागतो आणि त्या वासाबरोबर एक हिवाळा परत येतो. एवढ्या आयुष्यात हिवाळे पुष्कळ पाहिले, परत येतो तो एकच. त्या हिवाळ्यात मला फितूर ठरवण्यात आले.

यंदा तो टपालानेही आला. भाऊसाहेबांच्या जन्मशताब्दीची स्मरणिका त्यांच्या पुतण्याने काढली आहे. भाऊसाहेब म्हणजे अकोल्याचे नामांकित वकील, अकोटला मी ज्या शाळेत मास्तर होतो ती चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, आणि सत्तावन सालच्या निवडणुकीत आमच्या पक्षाचे उमेदवार. स्मरणिकेत त्यांच्या त्या पराभवाविषयी एक वाक्य आहे: ‘तेल्हारा रस्त्यावरच्या एका गावाने ऐनवेळी दगा दिला, आणि त्यामागे एका विश्वासातल्या कार्यकर्त्याची फितुरी होती.’ माझे नाव दिलेले नाही. पुतण्याला हा सभ्यपणा वाटला असावा. मला तो मान्य नाही. अकोटपासून अकोल्यापर्यंत ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्या सर्वांना हा कार्यकर्ता कोण हे ठाऊक आहे.

दुसरी एक हकिकत अमरावतीत माझे स्नेही सांगतात. ‘वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर, केवळ तत्त्वासाठी, त्यांनी पक्षावर पाणी सोडले.’ माझ्या पंचाहत्तरीला हे व्यासपीठावरून सांगितले गेले तेव्हा मी खांद्यावरची शाल सावरत गप्प बसलो. वेगळा विदर्भ मला हवा होता, आजही हवा आहे; पण मी पक्षाबाहेर पडलो तो त्यासाठी नव्हे. पुतण्याचे वाक्य खोटे आहे आणि स्नेह्यांचेही खोटे आहे. दुसऱ्याची चव गोड, इतकाच फरक.

माणूस पक्ष कसा निवडतो यावर अलीकडे विद्वान पुष्कळ लिहितात. जात, हितसंबंध, विचारसरणी अशी त्यांची उत्तरे असतात. मी पक्ष निवडला नव्हता. आडनाव मिळते तसा तो मला वडिलांकडून मिळाला. वडील तेल्हारा रस्त्यावरच्या त्याच गावात, म्हणजे आमच्या गावात, भिक्षुकी करीत; लोक त्यांना बाबाजी म्हणत. पहाटे संध्या आटोपली की टकळीवर सूत काढीत आणि दर एकादशीला खादीची टोपी निळीच्या पाण्यातून काढून तुळशीजवळ वाळत घालीत. ओल्या खादीचा तो वास म्हणजेच पक्ष, अशी माझी लहानपणची समजूत होती. गावातल्या इतरांची कारणे याहून फार थोर होती असे नाही. पाटील आमच्या पक्षात होते, कारण सरकार आमचे होते. न्हावी ज्याची दाढी हातात असेल त्याच्या पक्षात असे. आणि गुंफाबाई आमच्या पक्षात होती. तिचे कारण मला फार उशिरा कळले आणि तेच मला सर्वांत वजनदार वाटते.

गुंफाबाई पाटलांच्या शेतातल्या वेचणाऱ्या बायांची म्होरकी. बुटकी, रुंद, आवाज असा की या बांधावरून बोलली तर त्या बांधावरचा बैल मान वर करी. ती म्हणेल तिकडे पंचवीस-तीस बाया जात. म्हणूनच पक्षाने मला तिच्याकडे पाठवले होते.

त्या काळी मतदानाची रीत निराळी होती. शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी पेटी असे, तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली. हातात मिळालेला कागद आपल्या निशाणीच्या पेटीच्या फटीत टाकायचा, की मत झाले. बायांना शिकवण्यासाठी आम्हां कार्यकर्त्यांना नमुन्याची एकेक पेटी अकोटहून मिळाली होती. माझी मी घरीच ठेवली. पत्र्याचा डबा खांद्यावर घेऊन कपाशीच्या पऱ्हाटीतून हिंडणे माझ्यासारख्या पदवीधराला शोभणारे नव्हते. शिवाय मला माझ्या वाणीचा भरवसा होता.

शेत शेवटच्या वेचणीला आले होते. उन्हाला धार नव्हती. वाळलेली पऱ्हाटी धोतराला ओरखडे काढीत होती. बाया ओळीने पुढे सरकत होत्या, दोन्ही हात बोंडांवर आणि ओट्या फुगलेल्या. त्यांच्या पलीकडे, दोन ओळी मोकळ्या सोडून, पूर्वेकडच्या वस्तीतल्या बाया वेचत होत्या. त्या वस्तीने त्याच दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धर्म घेतला होता. पुढे दोन महिन्यांच्या आत त्यांचा नेता गेला. त्या हिवाळ्यात त्या ओळीतून गाणे ऐकू आले नाही.

“बाई हो, येत्या आठवड्यात मत द्यायचे आहे. लक्ष इकडे द्या,” मी म्हणालो.

“बोला न गुर्जी, कान मोकळेच हायेत,” गुंफाबाई म्हणाली. “हात थांबवले तं पाटील आमाले पुसन. तुमाले कोन पुसते?”

एक तरणी सून पदराआडून म्हणाली, “तिथी नवऱ्याचं नाव घ्या लागते म्हनते. खरं हाये का?”

“घे नं मंग. एरवी शिव्या देतानी बरं घेतं,” दुसरी म्हणाली, आणि ओळ हसत हसत चार झाडे पुढे गेली.

मला राग आला. मी अकोटच्या चौकात दोन-दोन तास बोलत असे आणि लोक विडी विझवून ऐकत. इथे माझे वाक्य पुरे होण्याआधी श्रोते पुढच्या झाडावर पोचत होते. तेव्हा मी माझ्या मते एक सुंदर दाखला दिला. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यातल्या चार झाडांना हळद-कुंकू लावायचे, बुडाशी दहीभात ठेवायचा, हात जोडायचे, आणि मग बोंडाला हात लावायचा. मी म्हणालो, “सीतादहीला शेतापुढे दहीभात वाहता ना? तसेच आपल्या निशाणीच्या पेटीला मत वाहायचे. मनोभावे.”

प्रथमच हात थांबले. गुंफाबाईने माझ्याकडे नीट पाहिले.

“म्हंजे हात जोडाचे अन ठेवाचं?”

“अगदी तसेच,” मी म्हणालो.

“असं सांगा नं मंग. इतकं लांबन काहून लावलं?”

पलीकडच्या ओळीतून पारबताबाईने विचारले, “गुर्जी, आमी औंदा सीतादही नाई केलं. आमी आता बुद्धाचे झालो. मंग आमी कागद कसा टाकाचा?” पारबताबाई त्या वस्तीतली, उंच, सडसडीत, कोणाशी बोलताना नजर खाली न घालणारी. तिचे मत आमचे नाही हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “तुमच्या पुढाऱ्यांना विचारा.”

ती हसली नाही. म्हणाली, “इचारीन. पन आमी तुमच्यात काहून नाई, ते तुमी कधी पुसलं नाई.”

“सांग की.”

“तुमचे बाबाजी लई भले मानूस होते. घरी कोनी आजारी पडलं तं दवा देत. पन पानी वरूनच घालत. ओंजय खाली अन लोटा वर. बस, इतकंच हाये.”

तिच्या पुढाऱ्यांनी काय केले ते मागाहून कळले. त्यांच्या एका कार्यकर्त्याने तेलाच्या रिकाम्या डब्याला फट पाडून तो वस्तीत नेला आणि प्रत्येकीकडून त्यात पळसाचे एकेक पान टाकवून घेतले. म्हाताऱ्यांकडून दोन-दोनदा.

मतदान गावच्या शाळेत झाले. बायांसाठी वेगळी खोली होती. पक्षाचा प्रतिनिधी म्हणून मी दाराशी यादी घेऊन बसलो होतो. गुंफाबाई आपल्या बाया घेऊन आली ती लग्नाला निघाल्यासारखी: धुतलेली लुगडी, तेल लावलेले केस, पदराच्या गाठीत काहीतरी बांधलेले. एकेक आत जाई, बराच वेळ लावी आणि समाधानाने बाहेर येई. जाताना गुंफाबाई मला म्हणाली, “झालं बरं गुर्जी. तुमी सांगतलं तसंच केलं.” मी यादीवर खुणा करीत होतो. प्रत्येक खूण विजयाची होती.

वस्तीतल्या बाया त्यांच्या मागून आल्या. पारबताबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली. केंद्रावरच्या साहेबाकडे न जाता ती माझ्याकडे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “गुर्जी, तुमच्या पेटीवर कागद पडून हायेत. हयद-कुकू बी हाये. मी हात नाई लावला.”

साहेब पडद्याआड गेला, त्याच्या परवानगीने मीही गेलो. आमच्या पेटीवर आणि पेटीच्या पायाशी मतपत्रे नीट, एकावर एक ठेवलेली होती. निशाणीला हळद-कुंकू लावलेले होते, चिमूटभर भातही होता. शेजारीच पारबताबाईच्या पक्षाची पेटी होती. तिची फट त्या कागदांपासून वीतभर अंतरावर होती. आत कोणी पाहणारे नव्हते. तिने ते सगळे उचलून आपल्या पेटीत सरकवले असते तर जगात कोणाला कळले नसते.

साहेबाने कागद गोळा केले, लिफाफ्यात घातले आणि वर लिहिले: बाद. नियम त्याच्या बाजूचा होता. उरलेल्या बायांना त्याने फट दाखवून समजावले. मी दाराशी खुर्चीवर जाऊन बसलो आणि खुणा केलेली यादी मिटली.

भाऊसाहेब थोडक्या मतांनी पडले.

आठ दिवसांनी त्यांनी मला अकोल्याला बोलावले. बैठकीत चार मोठी माणसे लोडाला टेकून बसली होती. आमचे पाटीलही होते. भाऊसाहेबांनी एक कागद पुढे केला. त्यात लिहिले होते की पूर्वेकडच्या वस्तीतल्या बायांनी आमच्या मतदार स्त्रियांना धाक घालून त्यांची मते पेटीबाहेर टाकवली, आणि हे मी स्वतः पाहिले. कोर्टात जायचे तर केंद्रावरच्या प्रतिनिधीची सही हवी होती.

“मास्तर, करा सही. चार ओळी तर आहेत,” भाऊसाहेब म्हणाले.

“हे असे घडले नाही, भाऊसाहेब.”

“मग कसे घडले? इतक्या बाया आपल्या, आणि पेटीत मूठभर मते. कोणीतरी काहीतरी केले असेलच ना?”

पाटील म्हणाले, “नाईतं बायाच फुटल्या असतीन. अन बाया काई आपल्या मनानं फुटत नसतात.”

सर्वांची नजर माझ्यावर होती. त्या क्षणी मला एवढेच सांगायचे होते: मी नमुन्याची पेटी घरी ठेवली, सीतादहीचा दाखला दिला, आणि त्या साध्या बायांनी माझा शब्द अक्षरशः पाळला. अर्ध्या मिनिटाचे काम होते. लोक पोट धरून हसले असते. बी. ए. झालेल्या मास्तरने बायांना पेटीची पूजा शिकवली म्हणून अकोटच्या प्रत्येक ओट्यावर वर्षभर माझी नक्कल झाली असती. मी म्हणालो, “मी सही करणार नाही,” आणि उठलो.

जोडे घालताना मागून भाऊसाहेबांचा आवाज आला, शांत, वकिली: “किती मिळाले, मास्तर?”

या माणसाने माझ्या लग्नात मंगलाष्टके म्हटली होती. माझ्या वडिलांच्या तिरडीला खांदा दिला होता. त्याला माझ्याविषयी एवढेच वाटावे, याची क्षमा मी आजही करू शकलेलो नाही. पुढच्या महिन्यात शाळेने मला सेवेतून कमी केले. मी बिऱ्हाड घेऊन अमरावतीला आलो आणि दुसऱ्या शाळेत लागलो. पक्षाचा राजीनामा मी दिला नाही. देण्यासारखे काही उरलेच नव्हते.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. भाऊसाहेबांना पाडून निवडून आलेला गृहस्थ आमच्याच पक्षात आला. अकोल्याच्या मैदानावर दोघांनी एकमेकांना हार घातले. मी गर्दीत मागे उभा होतो. ज्याला विकला गेल्याबद्दल मला फितूर म्हटले गेले, तो आता ‘आमचे सन्मित्र’ झाला होता. शब्द मात्र माझ्यापाशीच राहिला. तो परत घेण्याची कोणाला आठवण झाली नाही. पक्ष बदलण्याला मोठ्या माणसांच्या बाबतीत निराळी भाषा असते: ती प्रवेश करतात. फुटतात ती लहान माणसे.

इथवरची हकिकत मी पूर्वीही सांगत आलो आहे. हिच्यात मी अन्याय सोसणारा आहे, मान ताठ ठेवणारा आहे. पुतण्याला उत्तर म्हणून एवढे पुरले असते. परंतु त्याच्या वाक्याचा पूर्वार्ध मला झोपू देत नाही: गावाने दगा दिला. तो गुंफाबाईविषयी आहे, आणि त्याला उत्तर देण्याचे काम माझ्याखेरीज कोणाचे नाही.

बासष्टची निवडणूक आली. पेट्यांची पद्धत गेली. आता एकाच कागदावर सगळ्या निशाण्या आणि हातात शिक्का. पौषात एका रविवारी मी एसटीने अकोटला आणि तिथून गावी गेलो. पिशवीत हाताने आखलेले नमुन्याचे कागद होते आणि बुचाचा कोरलेला शिक्का होता. मी कोणत्याही पक्षाचा नव्हतो. कशाला गेलो, हे मला तेव्हा नीट सांगता आले नसते.

पाटलांच्या शेतात गुंफाबाई नव्हती. निराळ्याच बाया वेचत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की बाया विकल्या गेल्या म्हणून पाटलांनी तिला आणि तिच्या बायांना त्या निवडणुकीनंतर वेचणीला बोलावलेच नव्हते. पाच हंगाम त्या चार कोस चालत तेल्हाऱ्याच्या बाजूला मजुरीला जात होत्या. ‘पैसे खाल्लेल्या बाया’ असे त्यांना पाणवठ्यावर म्हटले जाई. अमरावतीत पाच वर्षे मी स्वतःवर झालेला अन्याय उगाळीत होतो. ही गोष्ट मी कधी कोणाला विचारली नव्हती.

ती घरी भेटली. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. ओसरीवर गोणपाट टाकून तिने मला बसवले आणि गुळाचा चहा केला. पारबताबाईही तिथेच शेंगा फोडत बसली होती. तेल्हाऱ्याच्या वाटेवर दोघींची सोबत जडली होती. मी चहा खाली ठेवला आणि म्हणालो, “गुंफाबाई, त्या साली चूक तुमची नव्हती. मी चुकीचे सांगितले होते.”

“मालूम हाये,” ती म्हणाली.

“कधी कळले?”

“त्याच दिशी. पारबतानं सांगतलं नं, का कागद फटीत टाकाचा होता म्हनून.”

“मग बोललात का नाही? लोक तुम्हाला बेइमान म्हणत होते. मजुरी गेली. माझे नाव घ्यायचे होते.”

गुंफाबाईने पारबताबाईकडे पाहिले, जणू उत्तर द्यावे की नाही हे विचारीत होती. मग म्हणाली, “तुमाले लोक हासले असते गुर्जी. लेकरं शिकवाची तुमाले. आमाले काय, कोनी काई म्हनते.”

शेंगा फुटण्याचा बारीक आवाज येत होता.

मी पिशवीतून कागद काढले. गुंफाबाईने बोट ठेवले ते आमच्या जुन्या निशाणीवर. त्या निशाणीखाली पुन्हा भाऊसाहेबच उभे होते.

“यांनाच देणार?” मी विचारले. “एवढे होऊन?”

“तुमचं भांडन भाऊसायबासंगं हाये. माहं मत त्याले कुठी हाये? तुमच्या बाबाजीले हाये. साऱ्या गावात एकलेच मले ‘गुंफाबाई’ म्हनत. बाकी सारे ‘ये गुंफे’. मले पह्यल्यांदा मालूम झालं, का माह्या नावात बाई हाये.”

“अन मले वरून पानी,” पारबताबाई म्हणाली. “म्हनून माहं तिकडे.” तिने शेजारच्या निशाणीवर बोट ठेवले. “एका मानसापायी दोघी दोन पक्षात.” दोघी हसल्या. त्या हसण्यात माझ्या वडिलांविषयी राग नव्हता, आणि सूटही नव्हती.

वाटेत येताना मी मनाशी पुष्कळ ठरवले होते. भाऊसाहेबांना एकही मत जाऊ नये, यासाठी काय बोलायचे ते शब्दांसह ठरवले होते, आणि माझ्या वाणीवर माझा अजूनही भरवसा होता. ती वाणी पाच वर्षे या दिवसाची वाट पाहत थांबली होती. मी सांगितले असते तर गुंफाबाईने तेही, अगदी तसेच, केले असते.

मी बूच शाईत बुडवले आणि तिच्या हातात दिले. तिचा हात धरून आमच्या जुन्या निशाणीपुढे शिक्का उठवला. मग दुसरा कागद घेतला आणि म्हणालो, “आता तुम्ही करा. मी पाहतो.”

तिने केला. थोडा तिरपा उठला, पण रेघेच्या आत होता.

“पुन्हा एकदा,” मी म्हणालो.